बारा बाय तीन

रस्त्याने जाताना लोक ढाबे बघतात, देवळांचे कळस बघतात, यंदा कुणी कपाशी लावली आणि कुणी मका, ते बघतात. मी मोऱ्या बघतो. रस्ता जरासा उचलल्यासारखा वाटतो, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे कठडे येतात आणि डोळा लवायच्या आत मागे पडतात. त्या कठड्यावर पांढऱ्या चुन्यावर काळ्या रंगात १२/३ असं काहीतरी रंगवलेलं असतं. बाराव्या किलोमीटरमधली तिसरी मोरी, एवढाच त्याचा अर्थ. वीस-वीस वर्षं त्याच रस्त्यावर एसटी चालवणाऱ्या ड्रायव्हरलाही तो ठाऊक नसतो आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं स्कूटरवर पैठणला निघालो होतो. वाटेत एका कठड्याशी मी स्कूटर उभी केली, ‘आलोच’ म्हणालो आणि वेड्या बाभळी चुकवत खाली उतरलो. वर आलो तेव्हा बायको कठड्यावर बसून पदराने वारा घेत होती.

“काय होतं खाली?”

“काही नाही. साफ होती.”

“मग एवढा आनंद कसला झालाय?”

उत्तर तेव्हाही देता आलं नाही. आता मुलगा गाडी चालवतो, ती मागे बसते आणि कठडा दिसला की आधीच त्याला बजावते, “वेग कमी करू नकोस रे, हे उतरतील.”

मोरी हा शब्द आपण घरात शिकतो. ‘आधी मोरीत जाऊन पाय धू’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझ्या पिढीतलं कुणी मोठं झालं नसेल. घरातलं सांडपाणी बाहेर जाऊ देते ती एक मोरी, आणि शिवारातलं पाणी रस्त्याच्या पोटाखालून पलीकडे जाऊ देते ती दुसरी. घरातली तुंबली की तासाभरात बोंब होते. रस्त्याखालची तुंबली तर चार-चार वर्षं कुणाला पत्ता लागत नाही, कारण पाऊस नसेल तेव्हा तुंबलेली मोरी आणि वाहती मोरी वरून सारखीच दिसते. आमच्या मराठवाड्यात रस्त्याकडेच्या गटाराला नाली म्हणतात, पुरात बुडणाऱ्या बुटक्या पुलाला फरशी, आणि सिमेंटचे गोल नळ टाकून केलेल्या मोरीला नळकांडी पूल. लोकांच्या तोंडी असं सगळंच पूल असतं. खात्याच्या पुस्तकात मात्र माप ठरलेलं आहे : एकूण लांबी ६ मीटरपर्यंत असेल तर मोरी, ६ ते ६० मीटर लहान पूल, त्यापुढे मोठा पूल. नारळ पुलाला मिळतो. मोरीला आकडा मिळतो, तोही दर दोन वर्षांनी रंगारी येईल तर.

१९८४ साली मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो तेव्हा हाताखाली रस्त्याचा एक तुकडा आला आणि त्या तुकड्याबरोबर एक मैलकुली आला. मैलकुली हे पद आता ऐकायला मिळत नाही. मैल गेले, किलोमीटर आले, तरी नाव तेच राहिलं होतं. रस्त्याचे काही मैल एका माणसाच्या हवाली. खड्डा पडला तर मुरूम टाकायचा, बाजूपट्टीवरचं गवत काढायचं, झाड पडलं तर वर्दी द्यायची, आणि मृगाच्या आधी आपल्या वाट्याच्या सगळ्या मोऱ्यांची तोंडं मोकळी करायची. त्याला सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते. एक घमेलं, एक फावडं, काठीला बांधलेलं लाल फडकं आणि खिशात चुन्याची डबी, एवढा त्यांचा सरंजाम.

पहिल्या पाहणीला मी टेप, वही, लेव्हलचं यंत्र असं सगळं घेऊन गेलो होतो. नव्या पदवीची ऐट होती. मामा एका मोरीशी थांबले.

“साहेब, टेप राहू द्या. आधी वाकून बघा.”

वाकलो.

“पल्याडचा उजेड दिसला का?”

“दिसला.”

“गोल दिसला का?”

मी पुन्हा पाहिलं. वरून गोल होता, खाली सपाट. भाकरीचा एक तुकडा मोडून घेतल्यासारखा.

“खालून सपाट दिसतोय.”

“मग तेवढी मोरी गेली,” मामा म्हणाले आणि फावडं घेऊन आत रांगायला लागले.

महाविद्यालयात चार वर्षं जलगतिशास्त्र शिकलो होतो, पण मोरीची तब्येत पल्याडच्या उजेडाच्या आकारावरून बघायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री खोलीवर बसून मी हिशेब केला. मॅनिंगचं सूत्र घेतलं. रॉबर्ट मॅनिंग हा आयरिश अभियंता, त्याने १८८९ साली मांडलेलं ते सूत्र आजही जगभर वापरतात. गोल नळ अर्धा गाळाने भरला तर त्यातून पाणी निम्मं जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वाट निम्मी होते हे खरं, पण उरलेल्या पाण्याला घासायला गाळाची आणखी एक बाजू मिळते, वेगही घटतो, आणि शेवटी मूळ क्षमतेच्या जेमतेम ३६ टक्के उरते. तेही गाळ नळाच्या सिमेंटइतका गुळगुळीत धरला तर. प्रत्यक्षात त्यात दगड असतात, बाभळीच्या फांद्या असतात, एकदा तर आख्खी सायकलची रिम निघाली होती. मामांनी हे गणित कधी केलं नसणार. ‘तेवढी मोरी गेली’ असं म्हणताना त्यांनी ‘तेवढी’ला जो हेल दिला होता, त्यात मात्र ते सगळं होतं.

मोरी किती मोठी हवी हे कसं ठरवतात, असं मला कधी कुणी विचारलं नाही. म्हणून इथे सांगून घेतो. आधी बघायचं की पाणी कुठून कुठून येतं. नकाशावर त्या ओढ्याच्या वरच्या अंगाची शीव काढायची, तेवढ्या जमिनीचं क्षेत्रफळ घ्यायचं, जोराचा पाऊस तासाला किती मिलिमीटर पडतो ते धरायचं, आणि पडलेल्यातलं किती पाणी जमीन पिते नि किती वाहून येतं त्याचा गुणक लावायचा. मोठ्या खोऱ्यांना वेगळी सूत्रं. आमच्या कार्यालयात त्यावरून दोन तट होते. पुण्याकडून शिकून आलेले सर क्लॉड इंग्लिस यांचं, मुंबई इलाख्यासाठी बसवलेलं सूत्र काढायचे. निजामाच्या काळातल्या मोठ्या साहेबांच्या हाताखाली तयार झालेले जुने लोक अली नवाज जंग बहादूर यांच्या सूत्राचं नाव घ्यायचे. हैदराबाद संस्थानाचे हे मुख्य अभियंता, निजामसागर धरण बांधणारे. दख्खनच्या नद्यांसाठी त्यांनी पुराचं स्वतःचं सूत्र बसवलं होतं. १९५६ साली मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला, पण सूत्रांचं विलीनीकरण व्हायला बराच वेळ लागला! माझ्यासारख्या मोरीवाल्याला दोन्हींची फारशी गरज नव्हती. वीस-तीस हेक्टरच्या ओढ्याला साधा गुणाकार पुरतो.

त्या साध्या गुणाकारातच सगळी मेख आहे. एक हेक्टर शेत घ्या. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस घ्या. शेतातली काळी माती बरंचसं पिते, बांध थोडं अडवतात, शंभरातलं तीस वाहून येतं म्हणू. सेकंदाला साधारण ४२ लिटर. आता त्याच शेताचे प्लॉट पाडा, डांबरी रस्ते करा, घरांवर स्लॅब टाका, अंगणात फरशी बसवा. शंभरातलं नव्वद वाहून येईल. सेकंदाला १२५ लिटर. पाऊस तोच, ओढा तोच, त्याच्या तोंडाशी १९६० साली बांधलेली मोरी तीच. चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत आली, सिडको आलं, वाळूज आलं, पुढे बीड बायपासच्या पलीकडे सातारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत गुंठेवारी पसरली. प्रत्येक वेळी माणसं मोजली गेली, नळजोडण्या मोजल्या गेल्या. मोऱ्या पुन्हा मोजल्याचं मला आठवत नाही.

लोक म्हणतात, आपल्याकडे पाऊसच कुठे असतो? खरं आहे. शहराची वर्षाची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे आमचं अख्खं वर्ष आणि वर आणखी बरंच काही. पण मोरीला वर्षाच्या पावसाशी देणंघेणं नसतं. तिला विचारा तो चाळीस मिनिटांचा पाऊस, जो हस्तात संध्याकाळी चारला येतो आणि पावणेपाचला निघून जातो. कमी पावसाच्या मुलखात मोरी बांधणं हे म्हणूनच कठीण काम आहे. दहा महिने ती कोरडी असते, त्यात कुत्री वितात, पोरं पत्ते खेळतात, वरच्या बाजूचा माणूस हळूच ओढ्यात भिंत सरकवतो, आणि सगळ्यांचं असं मत होतं की इथे पाणी कधी येतच नाही.

आता माझ्या पापाची गोष्ट. शहराबाहेरच्या एका रस्त्यावर मी १२०० मिलिमीटर व्यासाच्या एका नळाची मोरी सुचवली होती. खरं तर मला चौकोनी पेटीसारखी काँक्रीटची मोरी हवी होती, पण अंदाजपत्रकात बसत नव्हती. मग वरून सूचना आली की ठेकेदाराकडे ६०० चे नळ पडून आहेत, चार टाका, क्षेत्रफळ तेवढंच होतं. होतं खरं. शाळेतलं गणित आहे, चार लहान वर्तुळं बरोबर एक मोठं वर्तुळ. पण चार लहान नळांत पाणी चहूकडून घासत जातं. उतार तोच ठेवला तर चौघे मिळून एका मोठ्या नळाच्या ६३ टक्केच पाणी नेतात. आणि ६०० च्या नळात फावडं घेऊन माणूस रांगत नाही, ही गोष्ट तर कुठल्याच सूत्रात नाही. मी हे बोललो. कागदावर लिहिलं नाही. सही केली.

तिसऱ्या पावसाळ्यात दोन नळ बुजले. वरच्या अंगाला पाणी साठून तळं झालं. पाण्याला नळातून जाता येईना, तेव्हा ते नळाच्या बाहेरून गेलं. भोवतीचा भराव नीट कुटलेला नव्हता. त्यातला बारीक मुरूम आधी गेला, मग जाडा गेला, आणि रस्त्याखाली घागरीसारखी पोकळी झाली. वर डांबराचा थर जसाच्या तसा. दिवसभर त्यावरून ट्रक गेले असतील. पहाटे एका दूधवाल्याची मोटारसायकल आली तेव्हा तो थर बसला. माणूस वाचला, पाय मोडला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याला वाटलं की मी विम्याचा माणूस आहे. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. लिटरच्या मापाने घरोघर दूध घालणारा तो माणूस मला म्हणाला, “साहेब, रस्ता चांगला होता हो. माझंच लक्ष नव्हतं.”

दुरुस्तीला आठ दिवस लागले. मी रोज हजर होतो. नळ खालच्या अंगाकडून वरच्या अंगाकडे टाकत यायचं, पाणी जाणार त्याच्या उलट दिशेने. खड्ड्याचा तळ असा तासायचा की नळ पोटभर टेकला पाहिजे. एखाद्या धोंड्यावर नुसता ठेवला तर वरचं वजन आलं की पाठीत मोडतो. सांध्यावर कॉलर. मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी थराथराने मुरूम, पाणी आणि धुमस. एका बाजूने जास्त भरला की नळ सरकतो. नळाच्या डोक्यावर हातभर तरी, खरं तर दोन फूट माती हवी, म्हणजे चाकाचा दणका थेट बसत नाही. हे ह्यूमचे नळ. वॉल्टर ह्यूम नावाच्या माणसाने १९१० साली ऑस्ट्रेलियात साचा गरागरा फिरवून काँक्रीटचा नळ करायची युक्ती काढली. वेगाने फिरताना काँक्रीट साच्याच्या भिंतीला घट्ट चिकटून बसतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली ती आपल्याकडे आणली. आमचे मजूर त्याला ‘हुमपाईप’ म्हणायचे. या खेपेला नळ एकच होता, १२०० चा. मामा तेव्हा निवृत्त झालेले होते. ते शेवटच्या दिवशी मुद्दाम आले, वाकले, पल्याडचा उजेड बघितला, आणि काही न बोलता चुन्याची डबी काढली.

मैलकुलीच्या जागा पुढे भरल्याच गेल्या नाहीत. कुणी एका सहीने बंद केल्या असंही नाही. माणूस निवृत्त झाला की जागा तशीच राहायची. आता वार्षिक देखभालीचे ठेके असतात. यंत्रं आहेत, फोटो काढून पाठवायचे असतात, फोटोवर वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटतात. मोरीच्या तोंडाचा फोटो काढतात. आतला उजेड त्यात येत नाही.

या शहरात राहून जमिनीखालच्या पाण्याबद्दल लिहायचं आणि मलिक अंबरचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकत आणलेला हा माणूस निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० साली त्याने खाम नदीच्या काठी खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा केला, आणि खडकाळ गावाला पाणी देण्यासाठी डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, कुठलीही मोट किंवा रहाट न लावता, नुसत्या उताराने आणून दाखवलं. तीच नहर-ए-अंबरी. पंधरा महिने आणि अडीच लाख रुपये लागले असं सांगतात. दरबारातल्या शहाण्यांनी आधी हसून घेतलं, असंही सांगतात. शहाण्यांच्या बाबतीत ते खरं असायला हरकत नाही. त्याच सुमारास, १६१५ साली, तिकडे बुऱ्हाणपुरात मोगलांच्या अब्दुर्रहीम खानखानाने असंच जमिनीखालचं पाणी आणायचं काम काढलं. तो कुंडी भंडारा अजून आहे. रणांगणात हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि जमिनीखाली दोघांची अक्कल एकाच वाटेने चाललेली.

अंबरनंतर इथे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर सगळ्यांना माहीत असते, कारण तिथे तिकीट असतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात कित्येक किलोमीटरवरून खापरी नळांनी पाणी येतं, भिंतीत उंच चढतं आणि तिथून पडताना जातं फिरवायचं. वाटसरू आणि फकिरांसाठी त्यावर पीठ दळलं जाई. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, हे मी पाहुण्यांना नेहमी सांगतो. डोक्यावर तळं घेऊन बसलेलं ते दालन उन्हाळ्यात गार असतं. जुन्या शहरात कुठे कुठे दगडाचे बुटके मनोरे दिसतात, त्यांना लोक काहीही समजतात. वाटेत पाण्याला अशा मनोऱ्यात वर चढवून पुन्हा खाली सोडायचे. त्यात अडकलेली हवा निघून जाई, गाळ बसे, आणि मातीच्या नळांवर झेपेल तेवढाच दाब राही.

पण माझं मन अडकलं ते नहर-ए-अंबरीत. एका उन्हाळ्यात रस्त्याच्या खोदकामात तिचं छत फुटलं. असं अधूनमधून होतच असतं, यंत्र चालवणाऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक नसतं. ओळखीच्या एका मित्राने मला बघायला बोलावलं. बेगमपुऱ्यातला एक म्हातारा गवंडी आधीच भगदाडाच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याने आधी तोंड आत घालून नुसता वास घेतला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हवा चल रही साब. उतरो, डरो नक्को.”

उतरलो. वर बेचाळीस अंश होतं, आत रांजणाजवळ बसल्यासारखं. थोडं वाकून चालता येत होतं. पायाखाली घोट्याएवढं पाणी, इतकं स्वच्छ की बॅटरीच्या उजेडात माझी नखं दिसली. चुन्याच्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या पातळीच्या रेघा होत्या, एकाखाली एक. पाण्याची चाल इतकी संथ की मी वहीचा कागद फाडून सोडला आणि त्याच्या बरोबरीने चालत गेलो. कागद माझ्या पुढेही गेला नाही, मागेही राहिला नाही. ज्या कुणी तो उतार काढला त्याच्याकडे लेव्हलचं यंत्र नव्हतं. उतार जास्त झाला असता तर पाण्याने चुना खाल्ला असता. कमी झाला असता तर गाळ बसला असता. चारशे वर्षांत दोन्ही फारसं झालेलं दिसत नव्हतं.

तीस-चाळीस पावलांवर छतातून उजेडाचा एक खांब उतरला होता. तिथे वर चढायला उभी विहीर होती, आजच्या भाषेत मॅनहोल. त्यापुढे अंधारात आणखी एक फिकट खांब दिसला. या नहरीवर अशी शंभरावर तोंडं आहेत. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. धंद्याच्या माणसाला छतात भोक पाडायला जिवावर येतं. प्रत्येक भोक म्हणजे जास्तीचा दगड, जास्तीची मजुरी, कमजोर जागा, वरून माती आणि जनावर पडायची भीती. काम चालू असताना माती वर काढायला ती लागतात हे कबूल. पण मग काम झाल्यावर बुजवता आली असती. ती राखली. कुणीतरी दरसाल येईल, दोर सोडेल, उतरेल, दिवा फिरवून बघेल, हे बांधणाऱ्याने धरून चाललेलं होतं. दगड आणि चुन्याइतकाच तो येणारा माणूसही त्या कामाचा भाग होता. आमच्या अंदाजपत्रकात दगड असतो, सिमेंट असतं, ‘किरकोळ व अनपेक्षित’ अशीही एक ओळ असते. तो माणूस कुठल्या ओळीत लिहायचा ते मला सापडलं नाही.

आमच्या पिढीने नाले झाकले. वास येतो, डास होतात, जागाही मिळते, म्हणून शहराच्या मधल्या ओढ्यांवर स्लॅब पडले. स्लॅबवर गाड्या लागल्या, मग टपऱ्या, मग गाळे. झाकलेल्या नाल्याला मी तरी नाला म्हणत नाही. ती एक न संपणारी मोरी आहे, जिचं पल्याडचं तोंड दिसत नाही. तिच्यात गाळ किती आहे हे बघायचं तर उतरायचं कुठून? आणि उतरवायचं कुणाला? बंद नाल्यात सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू साठतो. थोडा असेल तर नाकाला कळतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो, आणि माणसाला वाटतं की आता बरं आहे. एकापाठोपाठ एक तीन जण जातात ते यामुळेच. पहिल्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. अशा सफाईला सुरक्षेच्या साधनांवाचून माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा झाल्यावरही पेपरात त्या बातम्या वाचल्या की मी पान उलटत नाही. तो म्हातारा गवंडी वाकून वास घेत होता तो आठवतो.

गेल्या काही वर्षांत खाम नदीचे काठ साफ झाले, झाडं लागली, लोक सकाळी फिरायला जातात. मीही जातो. चांगलं काम आहे, पटकन नावं ठेवावीत असं नाही. फक्त जिथे नदीला शहरातला नाला येऊन मिळतो तिथे माझी पावलं थांबतात, आणि बरोबरचे ज्येष्ठ नागरिक पुढे निघून जातात. कित्येक दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात पाणी कसं आणायचं यावर सगळे तावातावाने बोलतात. आलेलं आणि पडलेलं पाणी जातं कुठून, हा विषय काढला की माझ्या बायकोसारखाच चेहरा करतात.

परवा जूनमधला पहिला बरा पाऊस झाला. उघडल्यावर नातीला घेऊन वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर गेलो. तिथे एक जुनी नळकांडी मोरी आहे, कठड्यावरचा आकडा पुसून गेलेला. ओढ्याला तांबूस पाणी होतं, वीतभर. तिला मामांचा खेळ शिकवला. ते कडब्याची पेंढी टाकायचे. आम्ही बदामाची दोन मोठी पानं घेतली. एका कठड्यावरून पान सोडायचं, रस्ता ओलांडायचा, दुसऱ्या कठड्यावरून ओणवं होऊन बघायचं आणि आकडे मोजायचे. पहिलं पान सोडलं. तिने वीसपर्यंत मोजलं, तीसपर्यंत मोजलं. मग कंटाळून धावत जाऊन दुसरं सोडून आली. पंचवीसच्या आसपास पान बाहेर आलं. तिने टाळ्या वाजवल्या.

“आलं आजोबा! पहिलं आलं!”

मी वाकून पाहिलं. देठाशी तिने नखाने केलेली खूण होती, ती दुसऱ्या पानावर केली होती.

“हे दुसरं आहे बाळा.”

“मग पहिलं कुठे आहे?”

मी चपला कठड्यावर काढल्या, तिला त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.